मळीचा वास

बँकेच्या खिडकीतून तात्यांची स्लिप तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा त्यांनी कधी नव्हे ते माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. उसाचं बिल खात्यावर जमा झालेलं, पैसे त्यांचे, माणूस समोर उभा; पण सही जुळत नव्हती. काउंटरवरच्या मुलीनं संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून जुना नमुना दाखवला. ऐसपैस सही, शेवटच्या अक्षराखाली कागद फाटेल अशी ओढलेली रेघ. स्लिपवरची सही मात्र पहिल्या अक्षरापासून आखडत गेलेली, शेवटाला तर मुंगीएवढी. “आजोबा, जरा मोठी करा ना,” ती म्हणाली. तात्या मोठीच करत होते. निदान त्यांना तसं वाटत होतं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. बारामतीहून फलटणला जाताना नीरेच्या अलीकडे आमची सांगवी लागते. तिथं त्यांचं सगळं आयुष्य उसात आणि मधली काही वर्षं दोन एकर द्राक्षबागेत गेलं. बँकेतल्या त्या सहीनंतर आम्ही त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं भराभर मिटायला-उघडायला लावली आणि मग आम्हाला अस्थानी वाटलेला एक प्रश्न विचारला. वास येतो का? माळेगावचा कारखाना पेटला आणि वारा तसा असला की आमच्याकडे मळीचा वास येतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. तात्या ओट्यावर बसून खुशाल चहा पीत असत. आम्ही समजायचो, जन्म उसात गेला, सवय झाली असेल. “कसला वास? मला धा वर्षं झाली, कसलाच वास न्हाई,” ते डॉक्टरांना म्हणाले. निदान झालं कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं. त्यात हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी नाक जाऊ शकतं. सगळ्या गावाला नकोसा असलेला वास एका माणसाला येत नव्हता आणि ते घरात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

घरी परतल्यावर सगळ्यांनी आपापलं निदान केलं, आणि ते एकच होतं: वय झालं. या लेखातला माझा वाद त्या दोन शब्दांशी आहे. वय हे कारण नव्हे, ते फक्त कॅलेंडर आहे. पंचाहत्तरीचे दोन भाऊ एकाच बांधावर उभे असतात. एकाची सही तशीच राहते, दुसऱ्याची आखडते. या दोघांत काय वेगळं घडलं, हे ‘वय झालं’ म्हटल्यावर विचारायचंच राहून जातं.

पोटापाण्यासाठी मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला ऊर्जेच्या बाजूनं दिसतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण निवांत बसलेल्या माणसाच्या एकूण ऊर्जेतली सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटा खातो. दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. त्यातला मोठा वाटा विचार करण्यात जात नाही; पेशीच्या आतलं सोडियम बाहेर आणि बाहेरचं पोटॅशियम आत ओढणारे पंप अहोरात्र चालू ठेवण्यात जातो. साठवण मात्र जवळजवळ शून्य. स्नायूकडे साखरेचा साठा असतो, पोटाभोवती चरबीचं कोठार असतं. मेंदू रोजंदारीवर जगतो. रक्तपुरवठा थांबला की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते ती त्यामुळेच.

ही ऊर्जा तयार होते ती तंतुकणिकांमध्ये, इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या मायटोकॉन्ड्रियामध्ये. शाळेत ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’ एवढं एक वाक्य पाठ करून आपण तिला सोडून देतो. आमच्या भागातल्या माणसाला ती समजायला खरं तर सोपी आहे, कारण ती साखर कारखान्यासारखी चालते. गव्हाणीत ऊस पडतो, एकामागोमाग एक मिलमधून पिळला जातो, उरलेल्या बगॅसवर बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते. तंतुकणिकेत अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन अशाच चार मोठ्या प्रथिन-संचांच्या रांगेतून जातात, जाताना पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉनचा दाब तयार करतात, आणि तो दाब उतरताना एक खरोखरीचं चाक फिरवतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये दाबाची ही कल्पना मांडली तेव्हा त्यांना फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. चाकाच्या शेवटी जे घडतं ते एटीपी, म्हणजे पेशीची वीज. ते शरीरात कोणत्याही क्षणी मूठभरच असतं, पण दिवसभरात आपण जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं एटीपी घडवतो आणि मोडतो. कारखान्याला धूर असतो, राख असते, तशी इथंही असते: निसटलेल्या इलेक्ट्रॉनमुळे प्राणवायूचे भडक रेणू तयार होतात आणि भट्टीलाच भाजतात. म्हणून बिघडलेली भट्टी वेळेवर मोडीत काढण्याची सोय पेशीत असते. पिंक-१ आणि पार्किन ही प्रथिनं खराब तंतुकणिकेवर खूण करतात आणि मग ती उचलून नेली जाते. ज्यांच्यात या दोन्हींपैकी एखादं जनुक जन्मतःच नादुरुस्त असतं, त्यांना ऐन तरुणपणी किंवा चाळिशीच्या आसपास कंपवात होऊ शकतो. राख काढणारा माणूस कामावर नसला की काय होतं, याचा इतका सरळ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो.

मग हात का थरथरतात? भट्टी तर सगळ्याच पेशींत असते. याचं उत्तर मला आमच्या डाव्या कालव्यावर सापडलं. नीरा डावा कालवा बारामतीतून पुढे इंदापुरात जातो, आणि आवर्तनाच्या वेळी टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं ते या पट्ट्यात कुणाला सांगायला नको. कालव्यात पाणी थोडं कमी सोडलं तर हेडच्या माणसाला कळतही नाही. टेलचा ऊस वाळतो. मेंदूतल्या काळ्या द्रव्यातल्या, हालचालींसाठी लागणारं डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या अशा टेलवाल्या. माणसातल्या अशा एकेका पेशीच्या तंतूच्या फांद्या जोडल्या तर त्यांची लांबी मीटरमध्ये मोजावी लागते आणि तिच्या जोडण्या लाखांत असतात. शिवाय या पेशी कुणी न सांगता स्वतःच सतत ठेका धरून धडधडत असतात, म्हणजे पंप कायम चालू. एवढा लांब कालवा आणि एवढी सततची पाळी. दाब थोडा जरी उतरला तरी पेशीचं घर शाबूत राहतं, पण टोकं आधी वाळतात. तात्यांची सही ही त्या टेलची बातमी होती.

हे नुसतं रूपक नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण मुलं अचानक पुतळ्यासारखी ताठरली. पापणी लवत नाही, शब्द फुटत नाही, हुबेहूब म्हाताऱ्या माणसाचा कंपवात. विल्यम लँगस्टन नावाच्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा सगळ्यांनी एकाच प्रकारचं बनावट हेरॉइन टोचून घेतल्याचं निघालं. ते घरगुती पद्धतीनं बनवताना चूक झाली होती आणि त्यात एमपीटीपी नावाचा पदार्थ तयार झाला होता. मेंदूत गेल्यावर त्याचं रूपांतर दुसऱ्या एका रेणूत होतं. डोपामिनच्या पेशी तो डोपामिन समजून आत ओढून घेतात, आणि तो आत जाऊन तंतुकणिकेतला पहिलाच संच बंद पाडतो. पहिली मिल थांबली, मागचा सगळा कारखाना थांबला. पुढे १९८९ मध्ये, कधीही अमली पदार्थाला न शिवलेल्या, साध्या कंपवातानं गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतही तोच पहिला संच मंदावलेला आढळला. एमपीटीपीपासून बनणाऱ्या त्या घातक रेणूबद्दलची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. त्याची पूर्वी तणनाशक म्हणून चाचणी झालेली होती.

दुसरं उदाहरण आमच्या जास्त जवळचं, कारण ते उसाचं आहे. उत्तर चीनमध्ये १९७२ पासून दर वर्षी हिवाळा संपता संपता एक विचित्र आजार यायचा. दक्षिणेतून आणून महिनोन्‌महिने साठवलेला ऊस चैनीचा खाऊ म्हणून मुलं चघळत. त्यातल्या काहींना उलट्या, मग झटके, मग बेशुद्धी. जी जगली त्यांतल्या अनेकांचे हातपाय कायमचे पिळवटले. १९८९ पर्यंत आठशेहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि ८८ जण दगावले. साठवणीतल्या उसावर वाढणारी बुरशी ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल तयार करत होती. हे आम्ल तंतुकणिकेतला दुसरा संच कायमचा निकामी करतं. आश्चर्य हे की विष साऱ्या शरीरात पसरूनही मेंदूतला नेमका एकच भाग जळतो, तोच भाग हंटिंग्टन या आनुवंशिक आजारात झिजतो. आज प्रयोगशाळेत उंदराला हंटिंग्टनसारखी लक्षणं आणायची तर हेच आम्ल टोचतात. आपल्याकडे तोडलेला ऊस होईल तितक्या लवकर गव्हाणीत जातो, कारण पडून राहिला तर उतारा घटतो. रसवंतीच्या ताज्या रसाला या गोष्टीत काहीही दोष नाही. मुद्दा एवढाच, की गोड कांडीवरची एक बुरशी ऊर्जेचा एक सांधा मोडते आणि मूल आयुष्यभरासाठी वाकडं होतं. इथं वयाचा काय संबंध होता?

आता कृषी सेवा केंद्राच्या फळीसमोर उभं राहू. आमच्याकडे दर दोन-चार किलोमीटरवर एक दुकान आहे आणि मी तिथं रसायनशास्त्राच्या माणसाच्या खोडीनं बाटल्यांमागची नावं वाचतो. मिरचीवरच्या कोळ्यासाठीचं फेनपायरॉक्झिमेट, फेनाझाक्विन: पहिला संच बंद करतात. द्राक्षावरच्या भुरीसाठीचं फ्लुओपायरम, बोस्कॅलिड: दुसरा संच. भुरी आणि डावणीसाठी वापरलं जाणारं अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन: तिसरा. गव्हाच्या कणगीत ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू: चौथा. कापसावरच्या पांढऱ्या माशीसाठीचं डायफेन्थ्युरॉन: शेवटचं चाकच थांबवतं. पाठ्यपुस्तकातली अख्खी रांग फळीवर ओळीनं मांडलेली! हे गुपित नाही, कंपन्यांच्याच वर्गीकरणात लिहिलेलं असतं. कीड मारायची तर तिची भट्टी विझवणं हा सरळ मार्ग आहे. अडचण एवढीच, की ही भट्टी अब्जावधी वर्षांपूर्वी एकाच प्राचीन जिवाणूपासून आपल्या सगळ्यांकडे आलेली आहे. कोळ्याची, बुरशीची आणि तात्यांची.

इथं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणी हा लेख घेऊन दुकानदाराशी भांडायला जाईल. भट्टीवर काम करतं म्हणून प्रत्येक औषध माणसाला कंपवात देतं, असं सिद्ध झालेलं नाही. आपलं यकृत यातले अनेक रेणू मोडून टाकतं, मात्रा वेगळ्या, आत शिरण्याच्या वाटा वेगळ्या. भक्कम पुरावा मोजक्या रसायनांबद्दल आहे. रोटेनोन हे झाडाच्या मुळातून काढलेलं, मासे मारायला वापरलं जाणारं विष. ते २००० मध्ये उंदरांना संथपणे दिलं गेलं, तेव्हा त्यांच्या मेंदूत कंपवाताच्या खुणा उमटल्या. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात रोटेनोन किंवा पॅराक्वाट वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. त्यांपैकी पॅराक्वाट आपण ओळखतो, बांधावरचं तण जाळायला मारतात ते. ते पहिला संच बंद करत नाही, पण निसटत्या इलेक्ट्रॉनचा वणवा पेटवतं. युरोपीय संघात २००७ पासून त्याला परवानगी नाही. आपल्याकडे आहे.

आणि याच्या उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या आजारावर पुस्तिका लिहिली तेव्हा जगात पॅराक्वाट नव्हतं. आपल्या वैद्यांनाही कंपवात पूर्वापार ठाऊक होता. खाजकुहिलीच्या बियांत एल-डोपा असतं, तेच आजही या आजाराचं मुख्य औषध आहे. तेव्हा फवारणी हे एकमेव कारण नाही. ती मंदावत चाललेल्या भट्टीवर ओतलेली आणखी एक बादली आहे. कुणाची भट्टी जनुकामुळे आधीच अधू, कुणाची मधुमेहामुळे, कुणाची नुसत्या काळामुळे; त्यावर ही बादली. ‘मग सगळ्याच शेतकऱ्यांना का होत नाही?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. सगळ्यांच्या भट्टीत आधीचा विस्तव सारखा नसतो.

आपल्या भाषेनं मात्र या बाबतीत घात केलाय. आपण विषाला ‘औषध’ म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषधाचा डोस वाढवला. आणि दुसऱ्या बाजूला ‘अमक्यानं औषध घेतलं’ हे वाक्य गावात हळू आवाजात कुजबुजलं, तर त्याचा अर्थ फक्त एकच होतो. एकाच शब्दात बरं करणं आणि मरणं दोन्ही सुखानं नांदतात. मधलं, हळूहळू झिजणं, त्यात बसत नाही. कायद्यातही बसत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो. तो किती विष पोटात किंवा कातडीतून गेलं तर प्राणी मरतो, एवढंच सांगतो. म्हणजे आज रात्रीचा धोका. वीस वर्षांनंतरच्या सहीचा त्यात विचार नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा राज्य हललं. त्या प्रकरणात जी औषधं चर्चेत आली त्यांत डायफेन्थ्युरॉन होतं. तात्काळ मेलेल्यांची बातमी होते. हळू विझणाऱ्यांचा पंचनामा होत नाही.

ऊर्जेच्या या विचारावर एक गंभीर आक्षेप आहे, तो टाळणार नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत प्रथिनांचे गठ्ठे साचतात, कंपवातातही साचतात. मग खरा गुन्हेगार गठ्ठा की भट्टी? गठ्ठेवाल्यांनी तीसेक वर्षं आणि अफाट पैसा खर्च केला. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अल्झायमरवरचं लेकॅनेमॅब खरोखर गठ्ठे साफ करतं, आणि दीड वर्षांत घसरणीचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी करतं. घसरण थांबत नाही. मळी उपसली म्हणून कारखाना सुरू होत नाही. पण भट्टीवाल्यांनीही छाती फुगवू नये. एटीपीच्या वाटेवर लागणारं कोएन्झाइम क्यू-१० कंपवाताच्या ६०० रुग्णांना देऊन पाहिलं, प्रयोग गुण नाही म्हणून थांबवावा लागला. क्रिएटिनचाही, १,७४१ रुग्णांवर, तसाच. तात्यांना गावात किमान चार जणांनी ‘ताकदीच्या’ गोळ्या आणि पावडरी सुचवल्या. एका डब्यावर तर मायटोकॉन्ड्रियाचं चित्रही होतं. टोकं वाळून गेल्यावर कालव्यात पाणी सोडण्याचा हा प्रकार आहे. माझं मत असं, की गठ्ठा आणि भट्टी एकमेकांना बिघडवतात, आणि दोन्हींकडे आपण फार उशिरा पोचतो.

लवकर पोचायचं तर जागा दवाखान्यात नाहीत. मधुमेहात पेशींना साखर समोर असून वापरता येत नाही; मधुमेह्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असल्याचं वारंवार दिसलंय, आणि आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या घरात आहेत. ब-१२ हे जीवनसत्त्व तंतुकणिकेतल्या एका पायरीला लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा आपल्या शाकाहारी ताटात ब-१२ किती कमी असतं हे उघड झालं. चालणं, अंगमेहनत नव्या तंतुकणिका तयार करायला लावते. इथं एक टोचणारा आकडा आहे. साठीच्या पुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंश ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. शेतातली माणसं दिवसभर राबतात, तरी जास्त. शिक्षणाचा, कुपोषणाचा, रक्तदाबाचा वाटा त्यात मोठा असणारच. पण ‘खेड्यातली हवा शुद्ध, माणसं काटक’ या आपल्या लाडक्या समजुतीवर मला हा आकडा वाचल्यापासून भरवसा राहिलेला नाही.

माझी मागणी मोठी नाही. ती सुचली द्राक्षामुळे. युरोपला माल पाठवणाऱ्या बागायतदाराला अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीसाठी फवारणीची नोंद ठेवावी लागते: तारीख, औषध, प्रमाण, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं. कुठल्या घडावर कुठल्या औषधाचा किती अंश उरला, हे रॉटरडॅममधल्या गिऱ्हाईकासाठी आपण काटेकोर लिहितो. इंदापुरात बोरीकडच्या बागांत अशा वह्या सहज पाहायला मिळतील. तशीच एक नोंद फवारणाऱ्या माणसाच्या नावानं प्राथमिक आरोग्य केंद्रात का असू नये? काय मारलं, किती वर्षं मारलं, नाकावर काय होतं. आणि वर्षातून एकदा वासाची साधी परीक्षा: कॉफी, साबण, लिंबू. खर्च चहाएवढा.

तात्यांच्या बागेच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. बाग मोडून बरीच वर्षं झाली, पण कागद टाकायचा नाही ही त्यांची शिस्त. मागच्या महिन्यात त्या खाली काढल्या. शेवटचा रकाना ‘फवारणी करणाऱ्याची सही’. पहिल्या वहीत ती रकान्याच्या रेघा ओलांडून शेजारच्या रकान्यात शिरलेली आहे, खाली ती ठळक रेघ. तिसऱ्या वहीत ती रकान्यात मावते. पाचव्या वहीत रेघ नाही. शेवटच्या वहीत, बाग मोडण्याच्या वर्षी, एका ऑक्टोबर छाटणीनंतरच्या सलग अकरा नोंदी आहेत, आणि त्या अकराही सह्या माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकल्या जातात. यातून काहीच सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. मी त्या वह्या तात्यांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “ह्या कुणी केल्यात रं?”